सामान्य वीरांचे स्मारक

राजाचा पुतळा घडविण्यास शिल्पकार मिळतो, द्रव्य मिळते, चौकही मिळतो. परंतु पुराच्या पाण्यात उडी टाकून ज्याने परक्याचे लेकरू काढले, साथीच्या दिवसांत जिने शेजारणीची शुश्रूषा केली, दुष्काळात ज्याने आपल्या भाकरीतील अर्धी दुसऱ्यास दिली, त्यांचे स्मारक कोण करतो? ज्युबिलीच्या वेळी आपण वर्षे मोजतो. ती वर्षे ज्यांच्या खांद्यावरून आली त्यांचीही मोजदाद व्हावी, असे आम्हांस वाटते. आणि म्हणून अशा स्मारकांचा थोडा इतिहास वाचकांपुढे ठेवीत आहो.

ही कल्पना महाराष्ट्रास परकी नाही. गावच्या वेशीबाहेर वा जुन्या देवळाच्या आवारात वीरगळ पुष्कळांनी पाहिले असतील. खालच्या कप्प्यात लढाई, पुष्कळदा पळवून नेलेली गुरे सोडविण्याची. मधल्या कप्प्यात वीरास वर नेणाऱ्या अप्सरा. त्याच्या वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर. आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही स्मृती राहो. मुंबईत बोरिवलीजवळील एकसर येथे तर वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. परंतु बहुतेक वीरगळांवर अक्षर एकही नाही. त्यामुळे असे झाले की, लोक त्या शिळेस शेंदूर लावतात, नारळ फोडतात, पण हा कोण, कोणाचा, कशासाठी मेला, हे सांगणारा गावात कोणी उरलेला नसतो. आकृती राहिली आणि माणूस हरवला.

याच्या उलट उदाहरण भीमा नदीच्या काठी कोरेगाव येथे आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने तेथे स्तंभ उभारला. हेतू अर्थातच आपल्या पराक्रमाचा डंका वाजविण्याचा होता. तथापि त्या स्तंभावर पडलेल्या साध्या शिपायांची नावे कोरली गेली, आणि त्यांत ‘नाक’ या प्रत्ययाने ओळखू येणारी महार शिपायांची नावे पुष्कळ आहेत. ज्यांना गावात सावलीचीही मुभा नव्हती, त्यांची नावे दगडावर राहिली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले आणि त्या स्तंभास निराळाच अर्थ आला. स्मारक बांधणाऱ्याचा हेतू कालांतराने मागे पडतो. कोरलेले नाव मात्र आपल्या वारसांची वाट पाहत राहते.

विलायतेत हा विचार एका चित्रकाराने स्पष्ट मांडला. सन १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीस पन्नास वर्षे झाली, तेव्हा जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स यांनी ‘टाइम्स’ पत्रास लिहून सुचविले की, ज्युबिलीची खूण म्हणून सामान्य माणसांच्या शौर्याचे स्मारक करावे. त्या वेळी ते झाले नाही. अखेर सन १९०० मध्ये लंडनच्या एका लहानशा बागेत त्यांनी साधी पडवी उभारून घेतली व तिच्या भिंतीवर चिनी मातीच्या फरश्या बसविल्या. जागा १२० फरश्यांची, आणि आरंभी बसविल्या अवघ्या चार! आज त्या ५४ आहेत. प्रत्येकीवर नाव व कृत्य एवढेच. ॲलिस एअर्स ही घरकाम करून मुले सांभाळणारी तरुणी. सन १८८५ मध्ये घरास आग लागली असता तिने तीन मुलींना खिडकीतून बाहेर काढले व स्वतः प्राणास मुकली. मेरी रॉजर्स ही ‘स्टेला’ जहाजावरील परिचारिका. सन १८९९ मध्ये जहाज बुडत असता तिने आपला तरंगपट्टा दुसऱ्यास दिला. तेथे आकृतींना स्थान नाही. सारा भार नावांवर आहे.

आकृती आणि नाव या दोहोंचा विचार मनात ठेवून मुंबईच्या हुतात्मा चौकाकडे पाहावे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी निघालेल्या लोकांवर फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला व १५ जण पडले. पुढे जानेवारी १९५६ मध्ये आणखी पुष्कळ बळी पडले. हुतात्म्यांची संख्या १०५, १०६, १०७ अशी निरनिराळी सांगितली जाते. १ मे १९६० रोजी राज्य स्थापन झाल्यावर तेथे स्मारक उभे राहिले. रोमन पुष्पदेवतेच्या जुन्या कारंज्याशेजारी मशाल उंच धरून उभे आहेत ते एक शेतकरी आणि एक कामगार. कोणा पुढाऱ्याचा तो चेहरा नव्हे. शिल्पातील ते दोघे कोणीही असू शकतात. परंतु प्रत्यक्ष मेलेले ‘कोणीही’ नव्हते. त्यांची नामावली वाचावी. तीत सीताराम बनाजी पवार आहेत, चिमणलाल शेठ आहेत, वेदीसिंग आहेत. आणि आपल्या समाजात घरोघर ऐकू येणारी दोन नावेही आहेत : के. जे. झेवियर आणि पी. एस. जॉन. मराठी राज्य कोणाच्या रक्तावर उभे राहिले याचे उत्तर केवळ मशाल पाहून मिळत नाही. ते नामावली वाचल्याने मिळते.

या ऋणात बोरीचाही वाटा आहे. आपला परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. पुढे १९७२ च्या दुष्काळात याच मराठवाड्यातील स्त्रीपुरुषांनी खडी फोडली, पाझर तलावांवर डोक्याने माती वाहिली. त्या तलावांचे पाणी आपण पाहतो. माती वाहणारीचे नाव कोणत्या दगडावर आहे?

म्हणून आमची सूचना अशी आहे. गावात एक लहान शिल्प व्हावे. दगड आपल्याच भूमीतील काळा असावा. तो कठीण असतो, बारीक नक्षी सहज घेत नाही, पण ऊनपाऊस सोसतो. तेव्हा आकृती ठसठशीत व साधी असावी : डोईवर घमेले घेतलेली स्त्री पुरेशी आहे. शिल्पकाराने आधी मातीचा नमुना करावा व तो गावाने पाहून मगच दगडास छिन्नी लावावी. खाली नावे, आणि प्रत्येक नावापुढे एका ओळीत कृत्य. जात, धर्म, पंथ विचारू नये. आगीने व पुराने तो कधी विचारला नाही. वॉट्स यांच्याप्रमाणे पुढच्या नावांसाठी कोरी जागा अवश्य सोडावी.

शिळेस वेळ लागला तरी चालेल; नावांस मात्र विलंब चालणार नाही. ज्यांना ही माणसे आठवतात ते आज वृद्ध आहेत. नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणदिनी आपण आपल्या घरच्यांची नावे चिठ्ठीवर लिहून देतो. यंदा त्या चिठ्ठीच्या पाठीवर गावातील एका उपकारी माणसाचे नाव, त्याने काय केले आणि ते पाहणाऱ्या दोघांची साक्ष लिहावी. चर्चच्या मृत्युनोंदीशी व गावच्या दप्तराशी आम्ही ती ताडून पाहू आणि एका वहीत उतरवून ठेवू. ती वही भरली म्हणजे स्मारकाचे अर्धे काम झाले असे समजावे.