सायनाइडीकरण, ढवळटाकीतील
बारीक दळलेल्या धातुकातील सोने हवा व सायनाइडाचा विरल विद्राव यांच्या संपर्कात ढवळून विरघळवण्याची प्रक्रिया. जे. एस. मॅक्आर्थर आणि फॉरेस्ट बंधू यांनी ग्लासगो येथे १८८७ मध्ये ती शोधली. १८८९ मध्ये न्यूझीलंडमधील कारंगाहाके येथे तिचा व्यापारी वापर झाला.

चुना घालून गाळाचा पीएच १० ते ११ राखतात; तो उतरल्यास विषारी हायड्रोजन सायनाइड सुटतो (पहा : सायनाइडे). सोन्याच्या चार अणूंमागे ऑक्सिजनाचा एक रेणू लागतो. मात्र हवेतून पाण्यात तो २५° से. ला लिटरमागे जेमतेम ८ मिग्रॅ. विरघळतो आणि विक्रियेचा वेग बहुधा तोच ठरवतो. म्हणून कण तळाशी बसू न देणे एवढ्याने भागत नाही. बुडबुडे बारीक करून ऑक्सिजन विद्रावात उतरवणे ही ढवळण्याची खरी कसोटी होय. हवा जास्त झाली की ती पात्यांमागे साचते, पात्यांकडून गाळाला मिळणारी शक्ती घटते आणि कण खाली बसू लागतात. भिंतीवरील उभ्या पट्ट्या भोवरा रोखतात. पचुका टाकीत पात्यांऐवजी दाबाखालील हवाच गाळ ढवळते.

विरघळलेले सोने सक्रियित कोळशावर किंवा जस्ताच्या साहाय्याने मिळवतात (पहा : अधिशोषण, सोने). या प्रक्रियेमुळे दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँड येथील खोलवरचे, पारदमेलनाला दाद न देणारे धातुक काढणे परवडू लागले.