आरएक्स १०० घेताय? आधी चेसिस नंबर पाहा
"एकदम ओरिजिनल आहे भाऊ," अमरावतीत एकानं मला यामाहा आरएक्स १०० दाखवली. किंमत सत्तर हजार. मी एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला. नोंदणी १९९९ ची! आरएक्स १०० चं उत्पादन तर १९९६ मध्येच थांबलं. मग आरसी मागितली. इंजिन १३२ सीसी. आरएक्स १०० चं असतं ९८. म्हणजे आरएक्स १३५ ला १०० चे स्टिकर.

टाकी, साइड पॅनल सगळं बाजारात नवं मिळतं, त्यावर भुलू नका. हँडलखालच्या पाइपवर ठोकलेला चेसिस नंबर आणि इंजिनवरचा नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. तिथं घासल्याच्या खुणा दिसल्या तर सौदा सोडा. ॲपमध्ये हे नंबर अर्धवट झाकलेले असतात, म्हणून मूळ आरसी हातात घ्याच. १५ वर्षांनंतरचं नोंदणी नूतनीकरण झालंय का, तेही बघा.