परीक्षा व घरची शिकवणी

फाल्गुनाच्या सुमारास आपल्या मध्यमवर्गीय घरांचे रूप पालटते. पाहुण्यांस परीक्षा आटोपल्यावर येण्याविषयी सुचविले जाते, दूरचित्रवाणीचा आवाज बंद होतो, आणि एरवी वर्तमानपत्रापलीकडे फारसे न वाचणारे गृहस्थ अपूर्णांकांची उदाहरणे सोडवीत बसलेले दिसतात. हा प्रकार इतका अंगवळणी पडला आहे की तो अनादि असावा असे वाटावे. वस्तुतः प्रांतातील सर्व मुलांपुढे एकच प्रश्नपत्रिका ठेवून त्यांची पारख करावयाची, ही चाल आपल्याकडे पुरती पावणेदोनशे वर्षांचीही नाही. तीत घराचा वाटा कसकसा वाढत गेला हे पाहिले, तर आपण मुलांस करीत असलेल्या साह्याचे खरे स्वरूप ध्यानी येईल.

पंतोजींच्या शाळेत परीक्षा नव्हती असे नाही. परंतु ती व्यवहार घेत असे. पावकी-निमकी तोंडपाठ असली, मोडी अक्षर वळणदार असले आणि जमाखर्च जुळला, की मुलगा उतरला. गावोगावची कसोटी निराळी, आणि तिचा निकालही गावापुरताच. सन 1854 च्या वुडसाहेबांच्या खलित्यानंतर हे चित्र बदलले. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले व 1859 मध्ये त्याची पहिली प्रवेश-परीक्षा, म्हणजेच पुढे घरोघर गाजलेली मॅट्रिक, घेण्यात आली. ह्या नव्या वाटेने जाऊन 1862 मध्ये जे पहिले चार पदवीधर बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. एक कोल्हापुराहून मुंबईस आलेले, दुसरे रत्नागिरीहून. घरच्या माणसांनी त्यांस साह्य केले ते मुलास दूर धाडण्याचे आणि त्याच्या वियोगाचे दिवस मोजण्याचे. परीक्षेची विद्या इंग्रजीत होती. ती घरी बसून शिकविणे त्या काळच्या बहुतेक पालकांच्या आवाक्याबाहेरचे होते. त्या पिढीचे घर मुलास वेळ देऊ शके, दिवा देऊ शके, फार तर परगावी दोन वेळच्या जेवणाची सोय लावून देऊ शके. उत्तर सांगू शकत नसे.

ह्याच सुमारास आणखी एक पद्धत विलायतेहून आली. रॉबर्ट लो ह्यांनी 1862 मध्ये इंग्लंडातील प्राथमिक शाळांस निकालावर पैसे देण्याचा नियम घातला होता. तोच धडा गिरवून मुंबई इलाख्यात अनुदानित शाळांची ग्रँट निकालाशी बांधण्यात आली. तपासनीस यावयाचा, प्रत्येक मुलास ठराविक इयत्तेच्या ठराविक विषयांत तपासावयाचा, आणि जितकी मुले उतरतील त्या मानाने शाळेच्या पदरात रक्कम पडावयाची. हेतू वाईट नव्हता. सरकारी पैशाचा हिशेब लागावा आणि आळशी मास्तरास चाप बसावा, एवढेच त्यात होते. परंतु ज्या दिवशी मुलाच्या उत्तरावर शाळेचे पोट अवलंबून राहिले, त्या दिवशी मास्तर मुलास शिकविण्याचे सोडून तपासनिसास शिकवू लागला. तो काय विचारील एवढेच शिकवावयाचे; आणि मंद मुलाकडे विद्यार्थी म्हणून न पाहता बुडीत येणे म्हणून पाहावयाचे! इंग्लंडने ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टाकून दिली, आणि हिंदुस्थान सरकारच्या 1904 च्या शिक्षणविषयक ठरावानेही तीस निरोप दिला. पद्धत गेली, तिने लाविलेली खोड मात्र राहिली.

ह्या सर्व व्यवहारातील मर्मावर बोट ठेवणारा पुरुष विद्यापीठातून आलेला नव्हता. हंटर आयोगापुढे 1882 मध्ये दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले ह्यांनी सरकारी शिष्यवृत्त्यांचा प्रश्न काढला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, चढाओढीने शिष्यवृत्ती देणे तत्त्वतः न्याय्य दिसले तरी ज्या वर्गांत विद्येची गोडी आधीच रुजली आहे त्यांच्याच पदरात ती पडते, आणि ज्यांच्यात ती रुजवावयाची आहे ते कोरडेच राहतात. ह्या वाक्याकडे आम्हां प्राध्यापक मंडळींनी जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिले नाही. प्रश्नपत्रिका सर्वांस सारखी असते. परंतु तिच्या आधीची दहा वर्षे सारखी नसतात.

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येण्यासारखा आहे. खेड्यापाड्यांतून सातवीची व्हर्नाक्युलर फायनल मास्तरकीचे दार उघडीत राहिली. 1949 पासून मॅट्रिकच्या जागी एस. एस. सी. आली, 1966 मध्ये महाराष्ट्राचे राज्यमंडळ स्थापन झाले, आणि 1975 मध्ये अकरावीची शालान्त परीक्षा दहावीवर आली. लहान मुलांसाठी 1954-55 पासून शिष्यवृत्ती परीक्षा सुरू झाली. ती आरंभी चौथी व सातवीस होती, 2016-17 मध्ये पाचवी व आठवीस नेण्यात आली. भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी असे तिचे दोन पेपर, एकूण तीनशे गुणांचे. ह्या मधल्या काळात घर बदलले. आजोबांस न येणारी इंग्रजी वडिलांस येऊ लागली. आईही पदवीधर झाली. इतिहासात प्रथमच घर स्वतः उत्तर सांगू लागले, आणि जेथे सांगता येईना तेथे ते मार्गदर्शिका व शिकवणीच्या रूपाने विकत घेऊ लागले. शंभर वर्षांपूर्वी जो तपासनीस शाळेत येत असे, तो आता आमच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसला आहे.

हे आम्ही तटस्थपणे लिहीत नाही. आमच्या कन्येच्या शिष्यवृत्तीच्या वर्षी आम्ही जुन्या प्रश्नपत्रिका मिळविल्या, घड्याळ लावून त्या सोडवून घेतल्या, आणि संख्यामालिका व आकृत्यांचे सारे प्रकार तिच्याकडून घोटून घेतले. आमच्या घरी कामास येणाऱ्या बाईंचा मुलगा त्याच वर्षी त्याच परीक्षेस बसला होता. कन्येस शिष्यवृत्ती मिळाली. त्यास मिळाली नाही. आम्ही पेढे वाटले, त्यांसही दिले. काही दिवसांनी त्या प्रश्नपत्रिका आम्ही रद्दीत काढल्या, तेव्हा बाईंनी संकोचत विचारले, "सर, ह्या आमच्या धाकट्यासाठी नेऊ का?" आकृत्या कशा ओळखावयाच्या हे ज्यास बुद्धीचे माप म्हणतात त्यातील केवढा भाग सवयीचा असतो, हे आम्हांस ठाऊक होते. तरीही वर्षभर त्या प्रश्नपत्रिका कपाटात असताना त्यांतील एकही त्या मुलास द्यावी, हे आम्हांस सुचले नव्हते.

मग पालकांनी साह्यच करू नये काय? असे आमचे म्हणणे नाही. परीक्षेचे वळण ठाऊक नसल्याने हुशार मूल गोंधळते. तेव्हा दोनचार जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडविणे हितावहच आहे. परंतु त्यानंतरचा सराव ज्ञान वाढवीत नाही, केवळ तपासनिसाची मर्जी ओळखावयास शिकवितो. त्यापेक्षा मुलाने पुस्तक मिटून धडा आपल्या शब्दांत सांगावा आणि आपण ऐकावे. चुकलेले उदाहरण खोडण्याऐवजी चूक कोठे शिरली हे त्याच्याकडूनच वदवून घ्यावे. रोज थोडा वेळ अवांतर वाचन व्हावे, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री त्यास स्वस्थ झोपू द्यावे. ह्या साह्यास पदवी लागत नाही. ऐकणारी आई निरक्षर असली तरी चालते. किंबहुना तिला समजेल असे सांगता येणे हीच धडा समजल्याची खूण होय.

आणि एक गोष्ट. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलास मागे न ठेवण्याचा नियम केला. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीस तशी मोकळीक पुन्हा दिली. कायदे असे पुढेमागे होत राहतील. परंतु जोतीरावांनी 1882 मध्ये दाखविलेले अंतर ज्या खोलीत निर्माण होते, ती खोली आपल्या घरात आहे, आणि तिच्या दाराची कडी आपल्याच हाती आहे. ज्या टेबलाशी एक मूल अभ्यासास बसते, तेथे दुसऱ्यासाठी जागा करणे फारसे अवघड नसते. बाईंचा धाकटा आता दर रविवारी सकाळी आमच्याकडे येतो. त्याचा निकाल काय लागेल ते लागो. आमच्या परीक्षेस मात्र आम्ही उशिरा का होईना, बसलो आहोत.