चिपटं, पण कशाचं?

भाचीचा पुण्याहून फोन आला. तिला नागपुरी वडा-भात करायचा होता आणि आजीच्या वहीत लिहिलं होतं : मटकीची डाळ एक चिपटं, हरभऱ्याची कोळवंभर. "मावशी, चिपटं म्हणजे किती ग्रॅम गं?"

"कशाचं?" मी विचारलं.

तिला वाटलं मी टाळतेय. पण चिपटं हे वजन नाहीच, ते भांडं आहे. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. चिपटंभर तांदूळ आणि चिपटंभर पातळ पोहे एकाच भांड्यातले, पण काट्यावर तांदूळ चार-पाच पट भारी भरतात.

सगळा घोळ केला तो शेराने. हा गडी भांड्यातही होता आणि तराजूतही. मापाचा शेर गावागणिक बदलायचा. वजनाचा सरकारी शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. 1956 च्या कायद्याने दशमान पद्धत आणली, शेर गेला, पण पावशेर गेला नाही. नागपूरच्या इतवारी बाजारात आजही पावशेर खोबरं मागा, 250 ग्रॅमच मिळतं. जुन्या हिशेबाने 233 मिळालं असतं. शब्द तोच ठेवून सतरा ग्रॅम पदरात पडले, वाईट काय! पाच शेरांची पासरी मात्र वाण्याच्या दुकानातून उठली आणि 'पैशाला पासरी' झाली. पायली नि तिची अर्धी अधोली यांनाही 'पायलीचे पंधरा, अधोलीचे सोळा' या म्हणीत घर मिळालं.

पसा आणि ओंजळ यांची वंशावळ तर थेट संस्कृतात जाते. दोन प्रसृती म्हणजे एक अंजली, आणि अंजली म्हणजेच कुडव. म्हणजे मूळ कुडव एका ओंजळीत मावायचा. आपल्या भंडारा-गोंदियाकडे धान मोजणारा कुडव कित्येक पायल्यांचा. एवढं बाळसं त्याने कधी धरलं कोण जाणे. (पसायदानातला पसाय या पशाचा कोणी नव्हे, तो प्रसादातून आला.)

माझा लाडका शब्द शीग. माप काठोकाठ भरल्यावर वर धान्याचा जो निमुळता ढीग राहतो, ती शीग. उत्सुकता शिगेला पोचते ती इथूनच, म्हणजे आता आणखी एक दाणा टाकला तर घरंगळणार. देणारा सढळ असेल तर शीग लावून देई, नसेल तर काठावरून हात फिरवून सपाट करी. घेताना शीग नि देताना सपाट, मापातलं पाप ते हेच. खळ्यावर पहिलं माप टाकताना 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचे, मग दोन, तीन. इलेक्ट्रॉनिक काट्याला ना लाभ कळतो, ना शीग.

भाचीला शेवटी सांगितलं, नेहमीची आमटीची वाटी घे. माझ्या वाटीत तांदूळ 170 ग्रॅम बसतात, कणीक 115, बेसन शंभराच्याही आत. डाळीला मात्र काटा लावू नकोस, दोन वाट्यांना एक वाटी असं धर, वडे जमतील.

"बरं. आणि वाटी शीग लावून, की सपाट?"

वही तिच्याकडेच होती. आजीने तेवढं लिहिलेलं नव्हतं.