एक उणा साठ

आमच्या घरात तीन पिढ्यांचं गणित तीन तऱ्हांचं. आजा पंतोजीपुढं धूळपाटीवर शिकलेला. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, सगळं तोंडपाठ. वाण्यानं तागडी खाली ठेवायच्या आत आज्याचा हिशेब तयार असायचा. वडील शाळेत गेलेच नाहीत, ते बोटांच्या पेरांवर मोजायचे. माझा जन्म १९६१ चा. त्याच्या आधीच, १ एप्रिल १९५७ ला, चौसष्ट पैशांचा रुपया शंभर पैशांचा झाला होता आणि पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो आला. आज्याची पावकी-दिडकी शाळेतनं उठत चालली. तो म्हणायचा, "आरं, ह्यास्नी पाऊणपट येत न्हाई, मग ही पोरं शिकत्यात तरी काय?"

मी तर वर्गात ढच होतो. तिसरीत आमचे गुरुजी मला शेवटच्या तरटावर बसवायचे. घरी वडलांचं चाललेलं, "ह्येला शाळा न्हाई जमायची. म्हसरं राखंल."

त्या काळी गटसंमेलन असायचं. महिन्यातनं एकदा पंचक्रोशीतल्या शाळांचे गुरुजी एका शाळेत जमायचे. एक जण नमुना पाठ घ्यायचा, बाकीचे मागं बसून बघायचे, मग चर्चा. १९६९ च्या दिवाळीनंतर ते आमच्या शाळेत भरलं. चार दिवस आधी अंगण सारवलं, तोरण बांधलं. गुरुजींनी हुशार पोरं पुढं घेऊन पाठाची तालीम केली. आम्हा मागच्यांना सांगितलं, "तुम्ही निस्तं गप बसायचं."

पाठ झकास चालला. पुढची पोरं पोपटावानी बोलत होती. शेवटी गुरुजींनी संख्या सांगून पाटीवर लिहायला लावल्या. पाहुण्यांतले एक म्हातारे गुरुजी, धोतर, टोपी, नाकावर चष्मा, बाकड्यावर न बसता आमच्या तरटाच्या कडेला येऊन टेकले होते. आमचे गुरुजी म्हणाले, "एकोणसाठ." मी लिहिलं ६९.

म्हाताऱ्यांनी पाटी बघितली. मी हात मागं घेतला, आता छडी बसणार म्हणून. ते हळूच म्हणाले, "असं का लिवलंस, बाळ?"

मी म्हणालो, "साठ हाय न्हवं? मग साठाचा सहा. आन् एकोण म्हंजी नऊ."

"नऊ कशावरनं?"

"एकोणीसला नऊ, एकोणतीसला नऊ. एकोण आलं की नऊच येतो."

ते हसले नाहीत. खिशातनं कागद काढून त्यांनी काहीतरी टिपून घेतलं.

चहाच्या वेळी पाणी वाटायला मला ठेवलं होतं, म्हणून पुढचं कानांवर पडलं. सगळ्यांनी पाठाची तारीफ केली. मग म्हातारे गुरुजी म्हणाले, "पाठ चांगला झाला. पर मी मास्तराकडं बघितलंच न्हाई, पोराकडं बघितलं. ह्या पोरानं चूक केली, पर डोकं लावून केली. एकोणमधला नऊ त्येला घावला, उणा घावला न्हाई."

आमच्या गुरुजींचा चेहरा पडला. मला वाटलं, माझ्यामुळं त्यांची अब्रू गेली, आता सोमवारी माझं काही खरं नाही. पण दुसरे एक गुरुजी बोलले, "माझ्याही वर्गात हीच चूक हाय, मी आपला रोज मारतूय." तिसरे म्हणाले, "आमच्याकडं अठ्ठावीसाचे ब्याऐंशी लिवत्यात. तोंडात आठ आधी येतो, म्हणून हातातनं बी आठ आधी." मग फळ्यावर एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस अशी सगळी रांग मांडून ते एकोणनव्वदपर्यंत गेले आणि नव्याण्णवला अडले. तिथं ही रीत मोडते. तेव्हा सगळे हसले, आमचे गुरुजीपण.

सोमवारी छडी निघाली नाही. गुरुजींनी आम्हाला तुरकाट्या आणायला लावल्या. दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. सहा जुड्या पुढं ठेवून मला बोलावलं. "किती?" "साठ." "आता एक काढ." जुडी सोडल्याशिवाय एक निघेना. सोडली, एक काढली. पाच जुड्या आणि नऊ सुट्या उरल्या. "साठाला एक उणा. एक उणा साठ. एकोणसाठ." त्या दिवशी माझ्या डोक्यातली गाठ सुटली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, चुकलं तरी 'का' विचारणारं माणूस असतं, हे कळलं.

त्याचा उपयोग १९७२ च्या दुष्काळात झाला. विहिरी आटल्या, जनावरं विकली, माणदेशातली सगळी घरं खडी फोडायला. खायला मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी. मजुरी खडीच्या ढिगावर, ब्रासनं. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. मी सहावीत होतो, शाळा सुटली की आईसंगं दगड वेचायचो. एकदा मुकादमानं आमचा ढीग मोजला. लांबी पंधरा, रुंदी पाच, उंची दोन. वहीत लिहिलं सव्वा ब्रास. मी मनात गुणलं, पंधरा पाच पंच्याहत्तर, दुणे दीडशे. दीड ब्रास. छाती धडधडत होती. वडील गप उभे, त्यांच्या पेरांवर हे मावत नव्हतं.

मी म्हणालो, "सव्वा का?"

मुकादमानं डोळे वटारले. पण गँगमधल्या चार बाया पुढं आल्या. त्यानं फीत परत धरली, "सैल पडली हुती," असं पुटपुटला आणि दीड लिहिलं. त्या रात्री वडील आईला म्हणाले, "पोरगं शाळंतच जाऊ दे." म्हणून १९७७ ला मी दहावी झालो. पुढं शेतीच केली, पण कट्ट्यावर मापात कुणी फसवलं नाही.

पुढं नव्वदच्या दशकात केंद्रशाळा, केंद्रप्रमुख आले, गटसंमेलनाची शिक्षण परिषद झाली. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ तीन' असंही वाचायला दिलं, तेव्हा राज्यभर केवढी ओरड झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण समजावून सांगत होत्या. पारावर लोक टिंगल करत होते, मी गप होतो. मला माझी ६९ ची पाटी आठवत होती.

आमची सूनबाई जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या शाळा बघायला राज्यभरातनं शिक्षक जायचे, तेव्हा तीही गेली होती. काड्यांच्या जुड्या, मण्यांच्या माळा, जमिनीवर आखलेले तक्ते, तिनं सगळं सांगितलं. मी म्हणालो, "तुरकाट्याच की गं." तीच सांगते, जपानात हे शंभराहून जास्त वर्षं चालू आहे. 'जुग्यो केंक्यू' म्हणतात. पाठ चौघं-पाच जण मिळून तयार करतात, एक जण शिकवतो, बाकीचे पोरांकडं बघतात, काय बघितलं त्यावर मग बोलतात. पाठ सगळ्यांचा, म्हणून चूकही सगळ्यांची, कुणा एकाची अब्रू जात नाही. मला हे शेतीवरनं कळतं. शिवारफेरीला आपण दुसऱ्याच्या बांधावर जातो, ते शेतकऱ्याला नापास करायला नाही. पान उलटं करून बघतो, कीड कुठं बसली.

"पण आबा," ती म्हणते, "आमच्या परिषदेचा अर्धा दिवस माहितीचे तक्ते भरण्यात जातो. वर्ग बघायला वेळच उरत नाही."

मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. गेल्या पावसाळ्यात ती म्हणाली, "आबा, तुम्हीच बसा मागं. माझ्याकडं बघू नका. तीन पोरं देते, तेवढ्यांकडंच बघा."

बसलो. दाराजवळच्या एका पोरीची सगळी उत्तरं बरोबर येत होती. पण आठ अधिक पाच आलं की ती ओढणीखाली बोटं धरून पार एकापासनं मोजायची. आठ हातात असूनही परत एक, दोन, तीन. घरी येऊन सांगितलं. सूनबाई हातातलं ताट धरून तशीच उभी राहिली.

"तिच्या वहीवर मी वर्षभर शाबास लिहितेय, आबा," ती म्हणाली.

मी म्हणालो, "उद्या तिलाच इचार, असं का मोजतीस."