चौथ्या वर्तुळाची अडचण

बीड जिल्ह्यातल्या एका शिक्षक-शिबिरात आम्ही फळ्यावर नेहमीचे गणित मांडले होते. गावातल्या ४० शेतकऱ्यांपैकी २५ जण कापूस लावतात, १८ जण बाजरी आणि १० जण दोन्ही. तर दोन्ही न लावणारे किती? २५ आणि १८ मिळून ४३ होतात आणि मुले तिथेच अडखळतात. एकमेकांना छेदणारी दोन वर्तुळे काढून सामाईक भागात आधी १० लिहिले, की एकीकडे १५, दुसरीकडे ८ आणि बाहेर ७ उरतात. तूर आली की तिसरे वर्तुळ. तेवढ्यात एका बाईंनी विचारले, "आणि ऊस? चौथे वर्तुळ काढून दाखवा की!"

शंका मोलाची होती. प्रत्येक पीक असेल किंवा नसेल. म्हणून चार पिकांना १६ कप्पे हवेत. पण चार वर्तुळे कशीही काढली, तरी बाहेरचा भाग धरून १४ पेक्षा जास्त कप्पे पडत नाहीत. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर ती मांडली, तर समोरासमोरच्या दोनच पिकांना, समजा फक्त कापूस आणि ऊस, जागाच मिळत नाही.

जॉन व्हेन यांना ही अडचण ठाऊक होती. वर्तुळे त्यांच्या आधी ऑयलर यांनी वापरली होती, पण ते असलेलेच संबंध दाखवीत. व्हेन यांनी १८८० मध्ये आधी सगळे संभाव्य कप्पे आखायचे आणि मग रिकामे ठरतील ते रेघांनी भरून टाकायचे, अशी रीत घातली. चार संचांसाठी त्यांनी वर्तुळे सोडून लंबवर्तुळे घेतली.

कप्प्यांची मोजणी मात्र फार जुनी. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) सहा रसांचे उदाहरण आहे. एकेक, दोन-दोन, तीन-तीन असे रस घेत गेल्यास ६, १५, २०, १५, ६, १, म्हणजे ६३ प्रकार होतात. (सुश्रुतसंहितेतही ६३ च आहेत.) एकही रस नसलेला प्रकार धरला की ६४, सहा संचांच्या आकृतीला नेमके एवढेच कप्पे लागतात! भास्कराचार्यांचे विज्जडविड म्हणजेच बीड, असे काही अभ्यासक मानतात. मतभेद आहेत, पण शिबिरात हे सांगताना आम्हाला मौज वाटली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आपल्या गावाचा 'आहे-नाही'चा १६ ओळींचा तक्ता करून आणला. 'फक्त कापूस आणि ऊस' या ओळीपुढे ४ हा आकडा होता. आमच्या फळ्यावरच्या चार वर्तुळांत ती चार घरे कुठेच बसली नसती.