माडी (चिपळूण–अलोरे परिसर)

माडी : माड (नारळ, लॅ. कोकोस न्यूसिफेरा) किंवा भेरली माड (लॅ. कॅरिओटा युरेन्स, कुल–पामी) यांच्या न उमललेल्या पोयीतून (आवरणातल्या फुलोऱ्यातून) निघणारा गोड रस आणि तो आपोआप आंबून होणारे सौम्य मद्य. ताडापासून मिळते ती ताडी व शिंदीच्या झाडापासून शिंदी. कायद्याच्या भाषेत मात्र ही सगळी ताडीच. ताजा, न आंबलेला रस तो नीरा. घरी बिअर करू पाहणाऱ्याला सातूचे माल्ट, हॉप आणि यीस्ट बाहेरून आणावे लागते. कोकणात साखर, पाणी आणि यीस्ट ही तिन्ही एकाच झाडावर मिळतात. म्हणून घरगुती बिअर व हॉपची लागवड हा विषय या परिसरापुरता माडीच्या नोंदीत घेतला आहे.

झाडे : किनारपट्टीला माड, तर सह्याद्रीच्या पायथ्याच्या ओलसर रानात भेरली माड. भेरली माडाची पाने दुहेरी पिसांसारखी व पानदले माशाच्या शेपटीसारखी असतात, त्यामुळे लांबूनही झाड ओळखता येते. तो आयुष्यात एकदाच फुलोऱ्यावर येतो. पहिली पोय शेंड्याजवळ निघते, मग एकेक करत खाली उतरत जाते आणि काही वर्षांनी शेवटची पोय संपली की झाड मरते. शेंड्यापासून पायथ्याकडे फुलण्याचा हा उलटा क्रम वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने एकदा तरी झाडाखाली उभे राहून पाहावा. फळांच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, हात लागला तर खाज सुटते. रसाचे प्रमाण माडापेक्षा पुष्कळ जास्त. जुन्या ग्रंथांतले आकडे मात्र जपून वापरावेत. ते बहुधा एखाद्या जोमदार झाडाचे आहेत. श्रीलंकेत हेच झाड कितुल म्हणून ओळखले जाते आणि त्याच्या रसाचा पाक व गूळ तेथे मोठ्या प्रमाणावर होतो.

लावायचाच असेल तर माड लावणे सोपे. बाणवली ही उंच जात कोकणात सर्वत्र चालते. दोन झाडांत साडेसात मीटर अंतर, एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डा, आणि फळ धरायला सहा-सात वर्षांची तयारी. भाट्ये (रत्नागिरी) येथील नारळ संशोधन केंद्र आणि दापोलीचे कृषी विद्यापीठ (स्थापना १९७२) यांचे काम मुख्यतः नारळाच्या उत्पन्नावर आहे, रसावर कमी.

छेदणे : पोय पुरती भरलेली पण फुटलेली नसावी. ती दोरीने घट्ट आवळतात, म्हणजे आतला फुलोरा पसरत नाही. मग काही दिवस लाकडाने किंवा हाडाने हलक्या हाताने ठोकत राहतात. ठोकण्याचा जोर हीच खरी विद्या. कमी पडला तर रस सुटत नाही, जास्त झाला तर पोय आतून सडते. पुढे टोक छाटून पोय थोडी वाकवतात व खाली मडके अडकवतात. रस रोज सकाळ-संध्याकाळ उतरवतात आणि प्रत्येक वेळी धारदार कोयत्याने पोयीचा अगदी पातळ काप घेतात. काप चुकला तर तोंड सुकते. माडाची एक पोय साधारण दीड महिना चालते व चांगले झाड दिवसाला एक ते दोन लिटर रस देते. त्या पोयीचे नारळ अर्थातच बुडतात. हा हिशेब बागायतदाराने आधी मांडावा, कारण नंतर पोय जोडता येत नाही.

माडावर खाचांनी चढतात. भेरली माडाचे खोड गुळगुळीत, म्हणून त्याला बांबू बांधून त्याच्या पेरांचा आधार घेतात. पावसाळ्यात खोडाला शेवाळ धरते. या धंद्यातले मोठे अपघात पडण्याचे आहेत, पिण्याचे नाहीत.

आंबणे : ताज्या रसात १२ ते १५ टक्क्यांच्या आसपास साखर असते, जवळजवळ सगळी उसाच्याच जातीची (सुक्रोज). यीस्ट घालावे लागत नाही. ते पोयीच्या तोंडावर, हवेत आणि कालच्या मडक्याच्या भिंतीत असतेच. सॅकॅरोमायसीस यीस्टबरोबर लॅक्टोबॅसिलस, झायमोमोनास हे जिवाणूही कामाला लागतात. सकाळची माडी गोड, दुपारची फेसाळ आणि आंबूस, दुसऱ्या दिवशी कडक, मद्यार्क चार-पाच टक्के, म्हणजे साध्या बिअरइतका. मग ॲसिटोबॅक्टरचा अंमल सुरू होतो आणि दोन-तीन आठवड्यांत चांगला शिरका तयार होतो. नीरा हवी असेल तर मडक्याला आतून चुना फासतात, तेवढ्याने आंबणे लांबते. थंड ठेवले तर अधिक.

नवशिक्याची नेहमीची चूक बाटलीची. आंबत असलेली माडी बूच मारून ठेवली की आतल्या वायूने बाटली फुटते. भांड्याचे तोंड फडक्याने झाकावे, आवळू नये. मडके रोज उकळत्या पाण्याने धुवून उन्हात पालथे घालावे. विकत घेतलेल्या ताडीत क्लोरल हायड्रेटची भेसळ हा महाराष्ट्रातला जुना रोग आहे. आंबवलेल्या पेयामुळे लोक सहसा दगावत नाहीत, मिसळलेल्या मेथॅनॉलमुळे दगावतात. मुंबईत मालाड-मालवणी येथे जून २०१५ मध्ये शंभरावर माणसे गेली ती यामुळेच.

हॉप : (लॅ. ह्युम्युलस लुप्युलस). बिअरला कडवटपणा देणारी व लॅक्टिक जिवाणू रोखून ती टिकवणारी बहुवर्षायू वेल. नर-मादी झाडे वेगळी. मादीच्या शंकूंतली पिवळी पूड कामाची. माडी दोन दिवसांत आंबट होते आणि बिअर महिनोन् महिने टिकते, यामागे हॉपचा मोठा वाटा आहे. लागवडीचा पट्टा साधारण ३५ ते ५५ अक्षांश. वेलीला हिवाळ्यात थंडीची झोप लागते आणि उन्हाळ्यात लांब दिवस. चिपळूणच्या अक्षांशावर (सुमारे साडेसतरा) वर्षातला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आतच. त्यातून शंकू धरण्याचा काळ आषाढ-श्रावणात येतो, आणि ओल्या हवेत या वेलीवर केवडा (डाउनी मिल्ड्यू) हमखास पडतो. भारतात हॉपचे पीक हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात घेतले जाते. ते कोरडे आणि थंड. कोकणात कुंडीतली वेल हिरवी राहील, शंकूंची आशा धरू नये. वाळवलेल्या हॉपच्या गोळ्या हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवणे हाच शहाणपणा.

यीस्टचा प्रश्न मात्र सुटण्यासारखा आहे. नेहमीच्या एल (ale) बिअरच्या यीस्टला १८ ते २२ अंश सेल्सिअस लागतात आणि कोकणातल्या घरात ते मिळत नाहीत. नॉर्वेतील शेतकऱ्यांनी सांभाळलेले क्वाइक यीस्ट तिशीपलीकडच्या उष्णतेतही स्वच्छ काम करते. येथे घरी बिअर करण्यास परवान्याविना मुभा नसली तरी अमेरिकेतील मराठी घरांना हे प्रयोग करता येतात. तेथे १९७९ पासून घरगुती बिअरला संघराज्य पातळीवर मुभा आहे, एका घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत.

कायदा व इतिहास : या भागाविषयीची लिखित साधने बहुतेक अबकारीची, त्यामुळे नोंदही तिकडे झुकते. माडी काढणे हा भंडारी समाजाचा परंपरागत व्यवसाय. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये त्याचे वर्णन आहे. जातीच्या नावाच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने झाडे छेदणे परवान्याखाली आणले आणि झाडपट्टीचे ओझे वाढवले. चार्ल्स प्रिचर्ड या अबकारी आयुक्ताच्या धोरणात एका ठिकाणच्या भट्टीवर नजर ठेवणे सरकारला सोयीचे होते. विखुरलेल्या हजारो झाडांवर ते शक्य नव्हते. भंडाऱ्यांनी त्याविरुद्ध अर्ज केले. या धोरणामागे महसूल किती आणि दारू कमी करण्याचा हेतू किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. प्रस्तुत नोंदकाराला महसुलाचे पारडे जड वाटते.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने (क्र. २५) संपूर्ण बंदी आली. साठच्या दशकापासून ती सैल होत गेली, तरी मूळ चौकट तीच आहे. ताडीची दुकाने व झाडे छेदणे यांसाठी १९६८ चे स्वतंत्र नियम आहेत. नीरा व ताडगूळ यांना खादी-ग्रामोद्योगाचा आश्रय मिळाला. त्या कामात गजानन नाईक यांचे नाव घेतले जाते.

बिअरची लघु-मद्यनिर्मितीगृहे (मायक्रोब्रुअरी) मात्र महाराष्ट्रात परवान्याने चालतात. पुण्यात डूलाली हे असे गृह २००९ मध्ये सुरू झाले.

अलोरे : या नोंदीच्या परिसरातले, चिपळूण तालुक्यातील गाव, कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याचे (३२० मेगावॅट) वीजगृह व वसाहत. कोळकेवाडी धरण जवळच.

इतर उपयोग : गोवा व वसईकडे तांदळाचे पीठ फुगवण्यासाठी; शिरका; माडाचा गूळ.

झाड स्वतःच्या परड्यातले असले तरी पोय छेदण्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. घरी बिअर करण्यासही परवान्याविना मुभा नाही.